बिनशेती प्लॉटची हद्द: सरकारी मोजणी की खासगी सर्व्हेअर?

परसदार (धागाकर्ता)

जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला लागून, वडिलांनी १९९४ साली घेतलेला बिनशेती प्लॉट आहे. खरेदीखतात पाच गुंठे, ५५ बाय ९९ फूट, चतुःसीमा, सगळं नीट लिहिलेलं. सातबारा वडिलांच्या नावावर. कोपऱ्यांना तेव्हा दगड पुरले होते. आता एकच सापडतो, तोही घाणेरीच्या जाळीत आडवा पडलेला. आम्ही पुण्यात, वडिलांना आता प्रवास झेपत नाही.

पूर्वेकडच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं आहे. गावातल्या परिचितांचा फोन आला की कंपाउंडचा पाया तुमच्यात दोन-तीन फूट आलाय, येऊन बघा. गेलो, बघितलं. पण नुसतं बघून काय कळणार? शेजारी भला माणूस आहे. चहा पाजला. "मोजून घ्या, तुमचं निघालं तर मी मागे सरकतो," म्हणाला. पण काम थांबवायला तयार नाही. गवंडी एकदा दुसऱ्या कामावर गेला की परत मिळत नाही, हे त्याचंही खरंच.

खासगी सर्व्हेअर शनिवारी मशीन घेऊन येतो म्हणतोय, सोमवारी नकाशा हातात. तालुक्याच्या कचेरीत म्हणाले ऑनलाइन अर्ज करा, तारीख पडेल. कधी? "पडेल." कुठे पैसे घालू?

कृष्णाकाठ

सरकारी. दुसरा विचारच नको. खासगीवाल्याचा नकाशा शेजाऱ्याने मानला तर ठीक, नाही मानला तर लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावा.

टवाळ

त्या आडव्या दगडाचा आधी फोटो काढून ठेवा. आमच्याकडचे दगड पावसाळ्यात चालतात. आणि गंमत म्हणजे नेहमी एकाच दिशेला.

साखळी_३३

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त. त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

टेप घेऊन जमीन तुम्हीही मोजाल. भूकरमापकाचं काम असतं ते कचेरीतल्या अभिलेखातली रेघ जमिनीवर आणून दाखवण्याचं. तेव्हा पहिला प्रश्न हा, की अभिलेखात तुमच्या प्लॉटची रेघ आहे का?

१९९४ चा बिनशेती प्लॉट म्हणताय, म्हणजे लेआउट (जमिनीची प्लॉटांत आखणी) असणार. बिनशेती आदेश झाला, रेखांकन मंजूर झालं, प्लॉट विकले गेले. त्यानंतर बिनशेती मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक, ज्याला आम्ही कजाप म्हणतो, ते व्हायला हवं. ते झालं असेल तर प्रत्येक प्लॉटची, मधल्या रस्त्यांची आणि खुल्या जागेची मापं व नकाशा कचेरीत आहे. झालं नसेल तर कचेरीच्या लेखी तो अजून सलग एकच गट. तुमच्या नावाचा सातबारा असूनही नकाशा नाही. मग भूकरमापक गटाची बाहेरची हद्द दाखवेल आणि आतल्या प्लॉटांबद्दल हात वर करेल. जुन्या लेआउटांत हे सर्रास दिसतं. मूळ मालकाने प्लॉट विकून पैसे घेतले, पुढच्या कागदांसाठी खर्च आणि खेटे कोण घालणार?

तेव्हा मोजणीचा अर्ज भरण्याआधी कचेरीत नकलेचा अर्ज द्या: गटाचा नकाशा, कजाप, बिनशेती मोजणीचा नकाशा. मंजूर लेआउटची प्रत आणि बिनशेती आदेश वडिलांच्या फाइलीत असेल, नसेल तर तीही काढा. हे कागद हातात आल्याशिवाय सरकारी काय नि खासगी काय, कोणालाही बोलावण्यात अर्थ नाही.

आणखी एक. तुमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र किती आहे ते बघा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आमची जुनी साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एका साखळीचा चौरस तो गुंठा. (माझं नाव त्यावरूनच.) तुमच्या ५५ गुणिले ९९ चे ५४४५ होतात, बरोबर पाच गुंठे. पण सातबारा चालतो हेक्टर-आरमध्ये. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान. कोणी पाच गुंठ्यांना पाच आर लिहून टाकलं असेल तर कागदावरच ६३ चौरस फूट गेले आणि त्यात शेजाऱ्याचा काही दोष नाही. भांडणाच्या अर्ध्या केसेसमध्ये लोक या फरकावरून एकमेकांच्या आयाबहिणी काढत असतात.

परसदार

सातबाऱ्यावर ५०० चौ.मी. आहे! खरंच. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. कजाप झालंय का ते बघतो.

जमीनस्तर

कृष्णाकाठ, लॅमिनेशनचा सल्ला आवडला. मी त्या खासगीवाल्यांपैकीच. डिप्लोमा सिव्हिल, टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) आणि डीजीपीएस (उपग्रहावरून जागा टिपणारं) घेऊन गावोगाव फिरतो.

आमच्या नकाशाने हद्द कायम होत नाही, मान्य. बरा सर्व्हेअर हे गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर सांगतो. पण आमचा उपयोग वेगळा आहे. आज जागेवर काय आहे, पाया कुठे आहे, खांब कुठे आहेत, दगड कुठे पडलाय, हे सगळं इंचात टिपून ठेवणं. उद्या भिंत पूर्ण झाली, दगड गायब झाला, तर आजची स्थिती तारखेसह कागदावर राहते. शिवाय मंजूर लेआउट त्यावर बसवून बघितला की अंदाज येतो: पाया खरंच आत आहे, की तुमच्या परिचितांच्या डोळ्यांना तसं दिसतंय. अंदाज आला की सरकारी मोजणीवर पैसे घालायचे की नाही ते ठरवा.

मात्र आमच्यातले काही जण काय करतात ते सांगतो. जागेवर दिसतील ती कुंपणं मोजतात, संगणकावर रंगीत नकाशा काढतात, खाली शिक्का मारतात. तो तुमच्या प्लॉटचा नकाशा नसतो, तुमच्या कुंपणाचा असतो. तेव्हा शनिवारी येणाऱ्या माणसाला एकच विचारा: "कोणत्या कागदावरून लावणार आणि सुरुवात कुठून करणार?" तो म्हणाला "शेजारच्या भिंतीपासून टेप लावू", तर चहा पाजून परत पाठवा.

कृष्णाकाठ

जमीनस्तर, तुमचं म्हणणं पटलं, पण असे सर्व्हेअर किती? आमच्या भावकीत दोघांनी दोन खासगी माणसं आणली. ज्याने पैसे दिले त्याच्याकडे जमीन जास्त निघाली. दोन्ही वेळा.

जमीनस्तर

हेही होतं. नाकारत नाही.

काळा कोट

कायद्याच्या अंगाने थोडं.

१. मोजणीने ताबा मिळत नाही. मोजणीचा नकाशा म्हणजे पुरावा. अतिक्रमण निघालं आणि समोरचा हलला नाही, तर भिंत पाडण्याचा किंवा ताब्याचा हुकूम दिवाणी न्यायालयातूनच आणावा लागतो, किंवा जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या हद्दींच्या प्रकरणाखाली महसूल अधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागते. "मोजणी झाली, आता पोलीस घेऊन भिंत पाडतो" असं करू नका.

२. मोजणीचा अर्ज केला म्हणून शेजाऱ्याचं काम आपोआप थांबत नाही. आज त्याला लेखी कळवा. वकिलाची नोटीस लगेच नको, साधं पत्र स्पीड पोस्टने, पोचपावतीसह: मोजणीचा अर्ज केला आहे, तोवर या बाजूची भिंत बांधू नये, बांधल्यास आपल्या जबाबदारीवर. चहा घेताना दिलेला शब्द कोर्टात सिद्ध करता येत नाही.

३. प्रकरण कोर्टात गेलंच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेता येते. बहुतेक वेळा कमिशनर म्हणून भूमी अभिलेखचाच अधिकारी नेमतात.

४. दुर्लक्ष करू नका. परक्याचा उघड, सलग, विरोधी ताबा १२ वर्षं चालू राहिला तर तुमचा ताब्याचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. पुण्या-मुंबईत राहून गावच्या प्लॉटकडे वीस-वीस वर्षं न फिरकणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

चिऱ्याचा गडगा

आमची कथा रत्नागिरीकडची, गावठाणातली. तुमचं निदान बिनशेती तरी आहे. आमच्या घराला सातबाराच नव्हता. गावठाणातल्या घरांना नसतोच. घरपट्टीची पावती आणि आजोबांच्या तोंडचं "त्या फणसापासून ह्या गडग्यापर्यंत". पुढे फणस पडला.

स्वामित्व योजनेत (२०२० ची, केंद्राची) ड्रोनने गावठाणं मोजली. आधी चुन्याने ज्याने त्याने आपापल्या हद्दी आखून द्यायच्या होत्या. मुंबईकर चाकरमानी कोण येतोय त्यासाठी! जे गावात होते त्यांनी आखल्या. आता चौकशीत हरकती चालल्यात. कोणाच्या गावात गावठाण मोजणी बाकी असेल तर त्या दिवशी रजा टाकून जा. गणपतीला जाता तसे.

आणि ते रोव्हर यंत्र. आमच्या नारळी-पोफळीखाली त्याला उपग्रह दिसेनात. एक माणूस काठी धरून बागेतनं फिरतोय, दुसरा म्हणतोय "फिक्स नाही, फिक्स नाही". शेवटी टोटल स्टेशन मागवलं तेव्हा काम झालं.

साखळी_३३

गडगासाहेब, बरोबर. रोव्हर उघड्यावर सेंटिमीटरात बोलतो, झाडीत आणि उंच इमारतींच्या मध्ये अडतो. तिथे ईटीएस, म्हणजे तेच टोटल स्टेशन, लागतं.

पण सेंटिमीटराचं फार कौतुक नको. यंत्र दोन सेंटिमीटर अचूक असलं तरी ज्या नकाशावरून लावायचं तो शंभर वर्षांपूर्वी साखळी आणि शंकूने, किंवा नंतर प्लेन टेबलवर केलेला असतो. १:१००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर रुंद होते! कागद घडीवर फाटतो, दमट हवेने आकसतो. त्यात सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा, १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याखाली, काही ठिकाणी टिपण (जुन्या मोजणीच्या मापांची नोंद) एक सांगतं आणि गटाचा नकाशा दुसरं. म्हणून अनुभवी भूकरमापक आधी आजूबाजूच्या पक्क्या खुणा धरतो: शिवेचा दगड, जुनी विहीर, ओढा, गाडीवाट. त्या जुळल्या की मग तुमच्या कोपऱ्यावर येतो. तो लांब कुठेतरी भटकतोय, आपल्या प्लॉटवर येतच नाही, असं लोकांना वाटतं. तो भटकत असेल तर समजा काम नीट चाललंय.

परसदार

अपडेट. कजाप झालेलं आहे! नक्कल मिळाली. आता अर्ज कसा करायचा, फी किती?

साखळी_३३

नशीबवान आहात. ई-मोजणी संकेतस्थळावर ऑनलाइन. प्रकार "हद्द कायम". ताजा सातबारा जोडा. शहरात असता तर मिळकत पत्रिका लागली असती. लगतच्या चारी बाजूंच्या धारकांची नावं आणि पत्ते लागतात, त्यांना नोटिसा जातात. पत्ते चुकीचे दिलेत तर ऐन दिवशी कोणी येतो आणि "मला नोटीसच नाही" म्हणतो, काम बोंबललं. प्लॉटवाले तुमच्यासारखे बाहेरगावी असतील, तर पत्ते शोधायला आत्तापासून लागा.

फी १ डिसेंबर २०२४ पासून बदलली. साधी, तातडी, अतितातडी असे जुने प्रकार गेले, आता नियमित आणि द्रुतगती. पालिका हद्दीबाहेर दोन हेक्टरपर्यंत नियमित २००० रुपये, द्रुतगती ८०००. पालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत ३००० आणि १२०००. तुमचे पाच गुंठे, तरी पूर्ण दोन हेक्टरांचीच फी. शेजारी पाया घेऊन उभा आहे, द्रुतगती भरा. भरण्याआधी साइटवर दर बघून घ्या.

मोजणीच्या दिवशी: एक-दोन मजूर, कुऱ्हाड-कोयता, चुना, आणि चार पक्के दगड किंवा सिमेंटचे खांब तुमचे तुम्ही तयार ठेवा. घाणेरी आदल्या दिवशी तोडून घ्या, साहेबांनी यायचं नि तुम्ही झुडपं तोडत बसायचं असं नको. दाखवलेल्या खुणेवर त्याच वेळी, सगळ्यांसमोर दगड पुरा आणि फोटो काढा. चुन्याची रेघ एका पावसात जाते. पंचनामा, जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. पटत नसेल तर सही नाकारण्यापेक्षा हरकत लिहून सही करा.

नंतर मिळतो तो नकाशा, त्याला 'क' प्रत म्हणतात. त्यात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेली असते, खाली खुलासा असतो. लोक फक्त नकाशा बघतात, खुलासा वाचत नाहीत. तुमचं अतिक्रमण काय नि किती, ते तिथेच असतं.

मोजणी मान्य नसली तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. त्यावर सुपर निमताना, जिल्हा अधीक्षकांकडे. हा हक्क शेजाऱ्यालाही आहे, लक्षात असू द्या.

टवाळ

सुपर निमताना हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार.

फोंडेकर

गोव्यातलं थोडं, कोणाची इथे जागा असेल तर. आमच्याकडे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा, शहरी भागात फॉर्म डी आणि त्यावर चलता नंबर व पी.टी. शीट, म्हणजे मिळकतीचा आणि नकाशाचा क्रमांक. हद्द दाखवून घ्यायला सर्व्हे आणि भूमी अभिलेखच्या निरीक्षकाकडे अर्ज. घोळ एकच: पोर्तुगीज काळातल्या खरेदीखतांत जमीन नावाने ओळखतात, "अमक्या भाटाचा अर्धा भाग" (भाट म्हणजे माडांची बागायत), आणि ती आजच्या कुठल्या सर्व्हे नंबरात येते ते जुळवण्यातच वकिलाचं घर चालतं. मुंबई-पुण्याहून इथे प्लॉट घेणाऱ्यांनी हद्द दाखवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. समुद्र दिसतो म्हणून घाई करतात.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत घर घेताना परवानाधारक सर्व्हेअर असतो, सगळं खासगीच. तो कोपऱ्यांवर खुणा रोवतो. पण खुणा नकोत असं लिहून दिलं तर पैसे थोडे वाचतात, म्हणून बरेच जण लिहून देतात. मग पुढे कुंपण घालताना तोच खर्च. माणूस सगळीकडे सारखाच.

कृष्णाकाठ

जर्सीकर, तिथे शेजारी चहा पाजतो का?

जर्सीकर

नाही. पत्र पाठवतो.

परसदार

बरेच दिवसांनी येतोय. मोजणी झाली, 'क' प्रत परवा हातात आली.

भूकरमापक तरुण होता, कामाचा. साखळीकाका म्हणाले तसा अर्धा दिवस गटाच्या बाहेरच्या हद्दी धरत होता, ओढ्यापर्यंत जाऊन आला. शेजारी आले होते. पलीकडचे मात्र आले नाहीत.

निकाल: पाया उत्तरेच्या कोपऱ्यात २ फूट २ इंच आमच्यात आहे, दक्षिणेकडे कमी होत होत शून्य. म्हणजे लांबट त्रिकोण, सुमारे १०७ चौरस फूट. पण भूकरमापकाने जाताजाता दाखवलं की ओळीतले सगळेच प्लॉट थोडे पश्चिमेला सरकलेत. पूर्वेच्या टोकाला पहिल्याने घर बांधलं तेव्हा टेप चुकीच्या दगडापासून लावला, पुढच्यांनी त्याच्या भिंतीपासून मापं घेतली. आमच्या शेजाऱ्यात त्याचा पूर्वेचा शेजारी तसाच आलेला आहे. आणि आमचं पश्चिमेचं तारेचं कुंपण लेआउटच्या रस्त्यात.

शेजाऱ्यांनी आमच्या बाजूची भिंत जोत्यावर थांबवली आहे, बाकी तीन बाजू बांधल्या. त्यांचं म्हणणं असं: "मी मागे येतो, पण मग पलीकडून माझं मला मिळायला हवं. नाहीतर मी दोन्हीकडून गेलो." यातही काही चूक वाटत नाही. दुसरा पर्याय त्यांनी सुचवला, त्या १०७ फुटांचे पैसे घ्या, स्टॅम्पवर लिहून देऊ. वडील म्हणतात द्या सोडून. मला कळत नाहीये.

काळा कोट

स्टॅम्पवर लिहून जमिनीची मालकी जात नाही. नोटरी केली तरी नाही. खरेदीखत नोंदवावं लागतं, आणि मंजूर प्लॉटचा तुकडा तसा विकायचा तर रेखांकनाचा प्रश्न येतो. पैसे घेऊन कच्चं लिहून दिलंत तर पाया तुमच्यात, पैसे तुमच्याकडे, आणि विकायला काढाल तेव्हा घेणारा बँकेच्या वकिलाकडे जाईल. तो हाच त्रिकोण बोटाने दाखवेल.

सध्या दोघांनी सही करून एवढंच लिहा: अमुक तारखेच्या मोजणीत ठरलेली हद्द दोघांना मान्य आहे, पाया त्या हद्दीपलीकडे अमुक इतका आहे, तो तुमच्या परवानगीने तात्पुरता आहे. परवानगीचा ताबा विरोधी ठरत नाही. भिंत पुढे काय करायची ते नंतर.

जमीनस्तर

आणि जोत्यावरच थांबलेत तर उत्तरेकडचा भाग काढून पाया हद्दीच्या आत वळवणं आत्ता स्वस्त आहे. पायाची रुंदीसुद्धा हद्दीच्या आत हवी, नुसती वरची भिंत नव्हे. हे गवंड्याला सांगा. वरची नऊ इंच बघून सगळे खूश होतात आणि खालचं फुटिंग शेजारच्या प्लॉटमध्ये असतं.

साखळी_३३

शेजाऱ्यांना त्यांचा स्वतःचा हद्द कायमचा अर्ज करायला सांगा. तुमच्या मोजणीत त्यांची पूर्वेची बाजू कायम होत नाही, तुमच्याच बाजू होतात. शक्य असेल तर ओळीतल्या सगळ्यांनी अर्ज एकाच सुमारास करा आणि एकाच भूकरमापकाला तारखा लागून द्या असं कचेरीत भेटून सांगा. गटाच्या बाहेरच्या हद्दी त्याने एकदा धरलेल्या आहेतच. आणि तारेचं कुंपण रस्त्यातून आत घ्या, कोणी सांगण्याआधी. पूर्वेच्या टोकाला ज्याचं पक्कं घर झालं आहे, त्याच्याशी कोण बोलणार ते ठरलंय का?

परसदार

नाही. तिथे कोणी राहत नाही, कुलूप आहे. मालक बंगळूरला असतात म्हणे. पत्ता शोधतोय.

फोंडेकर

ग्रामपंचायतीत घरपट्टी कोण भरतं ते विचारा. तिथे फोन नंबर मिळेल.